मस्कत ते मुंबई

"चारूला तिकीट रद्द करायला सांगतो," अप्पा फोन उचलत म्हणाले. "मस्कतहून सुटणार सकाळी दहाला, मुंबईला पोचणार दोन वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे चार तास पाच मिनिटं. तिथल्या डॉक्टरांनी तर तीन तासांच्या वर प्रवास नको म्हणून बजावलंय."

आईनं हातातलं दुपटं मिटून ठेवलं. चारूताईचं पहिलंच बाळंतपण. ते माहेरी, आपल्या हातून व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

अप्पांनी तीस वर्षं एसटी स्थानकावर गाड्यांच्या वेळा नोंदवलेल्या. त्यांची वजाबाकी चुकणं शक्य नव्हतं. तरी मी नकाशावर अंतर मोजलं. जेमतेम सोळाशे किलोमीटर. ताशी आठशेनं उडणाऱ्या विमानाला दोन तास पुरतात, चढणं-उतरणं धरून फार तर अडीच. मग उरलेला दीड तास ते करणार काय?

तेव्हा लक्षात आलं. "अप्पा, ते दहा मस्कतच्या घड्याळातले. त्या वेळी आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात. प्रवास दोन तास पस्तीस मिनिटांचाच आहे."

अप्पांनी बोटांवर पुन्हा हिशेब केला, नंबर लावला आणि फोन आईच्या हातात दिला.

"चारू, ये गं," आई म्हणाली. "आणि विमानात मधूनमधून उठून चाल."

"गाडी वळणावर असताना उठू नको म्हणावं," अप्पा म्हणाले.