जिन्यातला दम

आईने दारातच लेकीच्या स्वेटरची बाही नाकाशी धरली.

"भुसा! परत वर्कशॉपमध्ये बसवलंस हिला?"

"छे! घरातच होती. तू आधी स्वतःच्या अंगावरचं पीठ झटक," बाबा म्हणाला.

आठ वर्षांची ठकी दोघांच्या मधोमध पायरीवर बसली. खांदे वर, मान पुढे. छातीत शिट्टी वाजायला लागली. बाबाने खिशातून तिचा दम्याचा पंप काढला, तो आईने त्याच्या हातातून ओढून घेतला.

दोघं वेगळे राहायला लागल्यापासून हे असंच चाललं होतं. एक आठवडा त्याच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे. तो सुतार, ती बेकरीत कामाला. दर रविवारी ठकीला पोचवायचं, आणि नेमका तेव्हाच तिला दम लागायचा. आईला खात्री होती, लाकडाचा भुसा. बाबाला खात्री होती, मैदा. आई तिचं दप्तर, कपडे झटकून बघायची, बाबा तिची उशी हुंगायचा. "तिकडे कुणी सिगरेट ओढतं का? खरं सांग." ठकी नाही म्हणायची. मग ज्याने विचारलं त्याला वाटायचं, हिला पढवून पाठवलंय.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. "दमा आहे, औषध चुकवू नका. पण भुशाचं किंवा पिठाचं काही निघालं नाही," त्या म्हणाल्या. आईला ते पटेना. दवाखान्यातली नवी कपाटं बाबानेच केली होती. बाई त्याच्याच बाजूने बोलणार, आणखी काय!

शेवटी तिने त्याला बजावलं, "यापुढे वर यायचं नाही. तुझ्या कपड्यांतूनच येतं ते सगळं."

पुढच्या वेळी ठकी एकटीच वर आली. तीन मजले, पळत. गाल लाल, श्वास मोकळा. आईने तिच्या छातीला कान लावला. शिट्टी नाही. म्हणजे आपलंच खरं! तिने लेकीला कुशीत ओढलं आणि थबकली. ठकीच्या केसांत लाकडाची ढलपी अडकली होती. स्वेटर भुशाने माखला होता.

"वर्कशॉपमध्ये होतीस?"

"हो, रोज. बाबाला खुर्ची करायला मदत केली."

आई तशीच उठली. ती गॅलरीत गेली. रस्त्यापलीकडे बाबा मान वर करून उभा होता. काळजीने तोंड एवढंसं झालेलं. किती महिन्यांनी तिला त्याच्याविषयी माया वाटली. उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर. वर ये म्हणून हाक मारायला ती कठड्यावरून वाकली.

ठकीने मागून तिचा हात धरला.

"नको ना बोलावू त्याला," ती हळूच म्हणाली. "आत्ता मला श्वास घेता येतोय."