कैझर पिवळा पडतोय

"काही नवीन?" फोनवर रेन्स्केने विचारलं.

"काही नाही. तस्साच आहे तुझा कैझर. निळाशार."

"मग मला अजून थांबायलाच हवं," रेन्स्के म्हणाली आणि खोकत खोकत हसली.

टीनेकेने फोन ठेवला. धाकट्या बहिणीशी इतकं धडधडीत खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती.

रेन्स्के ग्रोनिंगनच्या इस्पितळात गेली, तेव्हा टीनेके आपलं घर बंद करून इथे राहायला आली. कारण एकच, खाऱ्या पाण्याची ही भिंतभर टाकी. आत एकटाच एंजलफिश, कैझर, गर्द निळा, अंगावर पांढरी वर्तुळं. मीठ किती, पाणी कधी बदलायचं, सगळं रेन्स्केने शिकवलं आणि वर म्हणाली, "तो आहे तोवर मी आहे."

आणि आता कैझर पिवळा पडत होता. आधी शेपटीजवळ, मग पाठीवर. वर्तुळं तुटून विरत चालली. रेन्स्केचंही असंच सुरू झालं होतं. डोळ्यांत पिवळी झाक दिसली आणि मग कळलं, यकृत गेलंय.

तिने पाणी बदललं, औषधं घातली. मासा आपला खादाडासारखा तिच्या बोटांतून शिंपल्याचं मांस ओढून खात होता. पण रेन्स्केही सुरुवातीला चवीने जेवायचीच की. मासे विकणाऱ्या दुकानदाराला विचारायचा टीनेकेला धीर होईना. 'मरणार' हा शब्द तिला आणखी कुणाच्या तोंडून ऐकायचा नव्हता.

मग इस्पितळातून निरोप आला. उपचार थांबवलेत, शुक्रवारी घरी न्या.

टीनेके सायकल हाणत दुकानात गेली आणि जुना फोटो पुढे केला. "अगदी असाच हवा. एवढाच."

"आहे की. पण पहिला आहे का अजून? एका टाकीत दोन नका ठेवू बाई, जीव घेतील एकमेकांचा."

"पहिला गेला," टीनेके म्हणाली.

घरी येऊन तिने कैझरला बादलीत घेतलं. लवंगेच्या तेलाने मासे शांतपणे जातात, असं तिने वाचलं होतं. तो नेहमीसारखा वर आला आणि तिच्या बोटांशी तोंड उघडू लागला. टीनेके ढसाढसा रडली.

"तुझे तरी हाल होऊ देणार नाही रे," ती म्हणाली आणि बाटली उपडी केली.

शुक्रवारी रेन्स्के चाकांच्या खुर्चीतून आली. अंगात नुसती हाडं उरली होती.

"लवंगेचा वास येतोय. स्पेक्युलास बिस्किटं भाजलीस माझ्यासाठी?"

"हो," टीनेके म्हणाली आणि हात पाठीमागे नेले.

रेन्स्के टाकीसमोर बराच वेळ बसून राहिली. निळा मासा काचेपाशी आला, वळला, निघून गेला.

"खरंच तस्साच आहे गं. मला वाटायचं, मी येऊन बघावं म्हणून तू लपवतेयस."

"काय लपवणार?"

"मोठा झाला की याची पांढरी वर्तुळं जातात आणि अंगभर सोन्यासारख्या पिवळ्या रेघा उमटतात," रेन्स्के म्हणाली. "तेवढं बघून जायचं, म्हणूनच तर तग धरला होता."