गवत कापायच्या यंत्राची वाट

गोल्फच्या मैदानात जायला एकूण नऊ पायऱ्या होत्या: फाटकाशी दोन आणि ऑफिसच्या व्हरांड्याला सात. ताई चाकांच्या खुर्चीत बसून खेळते. तिला रविवारी इथे यायचं होतं, म्हणून शनिवारी मी टेप घेऊन पाहणीला गेले. ताई फोनच्या स्पीकरवर होती.

"आमच्याकडे कसलीच अट नाही," मॅनेजर म्हणाले. "चपला घालून या, पोरंटोरं आणा, अगदी घरच्यासारखं. ताईंना आमची चार माणसं उचलून आत नेतील. त्यात काय एवढं?"

"मी काय कपाट आहे का?" ताई कडाडली.

"अहो, रागावू नका."

"मग काय टाळ्या वाजवू?"

तेवढ्यात मला ऑफिसच्या मागे, रस्त्यापासून थेट मैदानापर्यंत नेलेला सिमेंटचा उतार दिसला.

"हा कशासाठी केलाय?" मी विचारलं.

"तो गवत कापायच्या यंत्रासाठी. दीडशे किलोचं धूड आहे ते. रोज रोज कोण उचलणार?"

"मग ताईला इथूनच आणते."

"छे, छे. पाहुण्यांना मागच्या बाजूने आत घेणं बरं दिसत नाही हो."

मग ताई म्हणाली, "रुंदी मोज गं."

मी वाकून टेप लावली. उतार एकशे तीस सेंटिमीटर रुंद होता. ताईची खुर्ची चौसष्ट सेंटिमीटर आहे.