पहिलं बटण

माझ्या खो-खो क्लासच्या वेबसाइटवर पहिलंच बटण ‘आमची पदकं’ ठेवून भाची शाबासकीची वाट बघत होती. “ते दुसरं कर,” मी म्हणाले. “पहिल्यावर लिही, ‘मुलगी घरी कशी येणार?’” ती हसलीच. “मावशी, असलं बटण कुठंच नसतंय!” “नसू दे की. पालक आधी हेच विचारतात. उत्तर पटलं नाही की पोरीला घेऊन जातात.” त्या बटणाखाली रिक्षाच्या वेळा, सोबत जाणाऱ्या ताईंचा फोटो आणि माझा नंबर टाकला. सोमवारी मैदानाच्या फाटकाशी सायकल थांबली. एमआयडीसीत टॉवेल विणणारे रुद्रप्पा. परतताना अंधार पडतो म्हणून वर्षापूर्वी त्यांनी लेकीचा खेळ बंद केला होता. आज ती मागे बसलेली. त्यांनी मोबाईल पुढे केला. “पहिलं बटण वाचलं, मॅडम. आता दुसरं दाबलंय. ह्या पदकांत आमच्या पोरीचा फोटो कधी लागंल?”