चिमटा

"कळतंय का?" भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मांडीला चिमटा घेत विचारलं.

"नाई," मयूरी म्हणाली.

खरंच कळत नव्हतं. पाठीत सुई गेली आणि थोड्याच वेळात कमरेखालची मयूरी कुणीतरी उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावी तसं झालं. छातीपुढे हिरवा पडदा. दोन्ही हात दोन बाजूंच्या फळ्यांवर बांधलेले. भीती वाटायला हवी होती, पण भीतीसुद्धा बहुधा कमरेखालीच राहत असावी. ती काही वर आली नाही.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी आधी फाईल पुन्हा एकदा चाळली. मॅडम तेलुगू, पण आदिलाबादेत इतकी वर्षं बाळंतपणं करून मराठी त्यांच्या तोंडी बसली होती. मयूरीचं हे दुसरं सिझर. पहिल्या वेळी, हर्षाली झाली तेव्हा, रक्ताच्या तीन पिशव्या चढवाव्या लागल्या होत्या. आठव्या महिन्यात मॅडमनी तिला समोर बसवून बजावलं होतं, की जुनी शिवण पातळ झालीय, तिसऱ्या खेपेला गर्भाची पिशवी फाटली तर गावाहून इथवर पोचणार नाहीस, तेव्हा याच वेळी नळ्या बांधून घे. मयूरी 'घरी विचारून सांगते' म्हणाली होती. घरी विचारायचा धीर काही झाला नाही, आणि त्याच्या संमतीचा कागद फाईलमध्ये सहीवाचून पडला होता.

"सिस्टर, बाहेर विचारून या," मॅडम म्हणाल्या. नवऱ्याला विचारायचं, ही तिथली पडून गेलेली रीत.

रंजीता सिस्टर गेल्या. बाहेर बाकावर पंढरी होता आणि शेजारी त्याची आई, रेणुकाबाई. पंढरी माणूस सालस. त्याने बायकोवर कधी हात उगारला नाही आणि आईपुढे कधी तोंड उघडलं नाही. सिस्टर परत आल्या त्या रेणुकाबाईंचा निरोप घेऊनच.

"सासू म्हनते, पोट्टा झाला तं करून टाका. पोट्टी झाली तं हात लावू नका."

"आणि नवरा?"

"तो म्हनते, आई म्हनते तसं."

भूलवाले डॉक्टर हसले. मॅडम हसल्या नाहीत. "शिवणीला काय कळतं, आत मुलगा होता की मुलगी," असं पुटपुटत त्या पडद्यावरून वाकल्या. "मयूरी, कायद्याने त्यांची सही लागत नाही. तुझी लागते. आम्ही आपले विचारतो. तू सांग."

तू सांग. हे शब्द तिच्या वाट्याला फार कमी वेळा आले होते. मरायचा विचार आला, पण तोही सुईशिवाय आल्यासारखा, कुठे टोचला नाही. एवढंच वाटलं, की आपण नसलो तर हर्षालीच्या केसांतला गुंता कोण काढेल? ती आजीकडून काढून घेत नाही.

"हात सोडा," ती म्हणाली.

सिस्टरनी उजव्या हाताचा पट्टा सोडला आणि फाईल तिच्यापुढे उभी धरली. पडल्या पडल्या तिने मराठीत नाव लिहिलं. अक्षरं उताराला लागल्यासारखी खाली घसरत गेली. मग हात पुन्हा बांधला.

कणगीत हात घालून कुणी ज्वारी उपसावी तशी पोटात ओढाताण होत राहिली. दुखलं मात्र काही नाही. मग रडणं ऐकू आलं. रंजीता सिस्टरनी बाळ आणून तिच्या गालाला लावलं. गाल तेवढा भाजल्यासारखा ऊबदार झाला.

"पोरगी आहे," मॅडम म्हणाल्या. "अजून नको म्हणू शकतेस."

मयूरीला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही.

"सही केली ना मॅडम," ती म्हणाली.

दुपारी तिला वॉर्डात आणलं. नळ्या बांधल्याचं बाहेर कुणी काही बोललं नव्हतं. पोरगी झाली, एवढंच रेणुकाबाईंना कळलं होतं. त्यांनी नातीच्या कानामागे काजळाचा ठिपका लावला, पंढरीला चहा आणायला पिटाळलं आणि सुनेच्या पायथ्याशी बसल्या. बाई वाईट नव्हती. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. फाईल दुसऱ्या कुणाच्या फायलीत मिसळू नये म्हणून शेताच्या पहाणीचा सातबाऱ्यासारखा कागद जपावा तशी त्यांनी ती मांडीखाली दाबून ठेवली होती. आतलं सगळं इंग्रजीत होतं. मराठीत काय ते एक नाव.

"तीन-चार वर्सं जाऊ दे," त्या पाय चेपता चेपता हळूच म्हणाल्या. "मंग पोट्टाच होते, पाह्य तू. मी बाहेर बसून होतो म्हून बरं झालं वं माय. नाई तं हे लोकं बांधूनच टाकत व्हते."

मयूरीची भूल उतरत होती. टाक्यांपाशी आग पेटायला लागली होती. पायांत मुंग्या येऊन कधीच्या गेल्या होत्या, आणि सासूची खरखरीत बोटं पोटरीवर एकेक करून मोजता येत होती.

रेणुकाबाईंनी तिच्या अंगठ्याला जोरात चिमटा घेतला.

"कळून राह्यलं का आता?"

कळ थेट मांडीपर्यंत चढली. मयूरीने पाय हलू दिला नाही.

"नाई," ती म्हणाली. "कायीच कळत नाई."

"येईन पायात जान, येईन," म्हणत रेणुकाबाईंनी तिच्या पायांवर चादर ओढली आणि मांडीखालची फाईल नीट सरकवून घेतली.