आर्डिसचा स्लो कुकर

समोरच्या घराच्या खिडकीत आर्डिस फळीवरून स्लो कुकर खाली काढताना दिसली आणि लव्हॉनच्या छातीत धस्स झालं.

मिनेसोटातल्या त्या छोट्याशा गावात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळायचा. कुणाच्या घरी माणूस गेलं की त्याच संध्याकाळी, त्या विजेच्या भांड्यात दिवसभर मंद आचेवर शिजलेली आर्डिसची अख्खी कोंबडी त्या दाराशी हजर. जन्मभर नर्स म्हणून राबलेली बाई. आजाऱ्याकडे नुसतं पाहूनच ओळखायची आणि कुकर आधीच लावून ठेवायची. तिचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आज सकाळीच ती लव्हॉनच्या नवऱ्याला, ऑर्विलला, बघून गेली होती. न्यूमोनियाने तो अंथरुणाला खिळला होता. जाताना पायरीवर बसून तिने बराच वेळ दम खाल्ला आणि मग सावकाश घरी गेली.

लव्हॉन तरातरा रस्ता ओलांडून गेली.

“माझा नवरा अजून श्वास घेतोय, आर्डिस!”

“घेऊ दे की. मी कुठे अडवलंय?”

“मग ही कोंबडी कशाला?”

“संध्याकाळी लोक येतील. उपाशीपोटी धड रडताही येत नाही माणसाला.” आर्डिसने सुरी पुढे केली. “आलीच आहेस तर कांदे चीर. माझ्या हातात आज जोर नाही.”

लव्हॉनचं डोकं सणकलं, पण त्या बाईपुढे कुणाची मात्रा चालत नसे. तिने कांदे चिरले. आणि रागातही तिला कबूल करावं लागलं, आर्डिसचं काम बघत राहावं असंच होतं. तळाशी कांदा-गाजरांचा थर. कातडीखाली बोटं सरकवून लोणी, मीठ, पाप्रिकाची लाल पूड चोळलेली. मग कोंबडी छाती वर करून अलगद आत, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी.

“पाणी?”

“थेंबभरही नाही. तिचं तिला पुरतं. आणि झाकण उचलायचं नाही. कितीही वास सुटो, संध्याकाळपर्यंत हात बांधून बसायचं. कळलं?”

“इतकी वर्षं विचारतेय, तेव्हा कधी सांगितलं नाहीस.”

“तेव्हा गरज नव्हती.”

लव्हॉनचे डोळे भरून आले. आर्डिस कुकरच्या कडेवरची नावाची चिकटपट्टी नखाने खरवडत होती. चर्चच्या तळघरात, गावजेवणाच्या टेबलावर सगळ्यांची भांडी सारखीच दिसायची. पट्टीवर नाव असेल त्याच घरी भांडं परतायचं.

“पिवळी पडलीय,” आर्डिस म्हणाली. “जा आता. त्याच्याजवळ बस.”

लव्हॉन ऑर्विलचा हात धरून बसली. मनातल्या मनात ती त्या कुकरला शिव्या देत होती आणि देवाची विनवणी करत होती. दुपारी ऑर्विलला दरदरून घाम फुटला. तिला वाटलं, झालं. एवढ्यात त्याने डोळे उघडले.

“कसला वास येतोय गं? आर्डिसची कोंबडी?” त्याने उघड्या खिडकीकडे मान वळवली. “कोण गेलं?”

“कुणी नाही! कुणीसुद्धा नाही!”

“मग मला दे ना थोडी. पोटात कावळे ओरडताहेत.”

ती हसली, रडली, पुन्हा हसली. ताप उतरला होता. तिन्हीसांजेला त्याला जरा झोप लागली तशी ती ताट घेऊन धावतच निघाली. आर्डिसचा अंदाज चुकला होता, आणि हे तिला तोंडावर सांगण्यात भलतीच मजा येणार होती.

स्वयंपाकघर वासाने भरून गेलं होतं. काचेच्या झाकणाआड कोंबडी लालसर होऊन हाडांपासून सुटत आली होती. टेबलावर ताटांची चवड आणि घडी घातलेले रुमाल मांडलेले. आर्डिस खिडकीजवळच्या खुर्चीत, चर्चला जायचा निळा पोशाख घालून, डोळे मिटून बसली होती.

“हरलीस, आर्डिस! ऑर्विल जेवायला मागतोय!”

लव्हॉनने तिचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

कुकरच्या कडेला नवी पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. तिच्यावर थरथरत्या अक्षरांत नाव लिहिलं होतं: लव्हॉन.