नवरदेवाची गाडी

पातेल्यावरचं झाकण खण्णकन फरशीवर पडलं. तो आवाज अंगणापर्यंत गेला. सारिकानं झाकण उचललं आणि पुन्हा आदळलं, या वेळी मुद्दाम. चहा त्याच्यासाठी उकळत नाही, हे बाहेरच्या माणसाला कळायला हवं होतं.

बाहेर तिचा दीर सुदर्शन खांद्याला बॅग लावून उभा होता. दौंडच्या गॅरेजातलं काम सोडून त्यानं शिरूरला खोली केली होती. जायच्या आधी एकदा इंजिन खोलून बघू दे, एवढंच तो मागत होता.

"हात तर लावून बघ," सारिकाचा नवरा भारत म्हणाला. सख्खा भाऊ, पण नजर परक्यासारखी.

दोघांच्या मधे गाडी उभी होती. भंगारातून उचललेली जुनी विलायती व्हॅन, वाटोळ्या डोळ्यांची, इंजिन पाठीमागं. भारतनं तिचा पत्रा ठोकला, हळदीसारखा पिवळा रंग दिला, आत गाद्या घातल्या, झालरीचे पडदे लावले. सुदर्शननं इंजिन नट न् नट सुटं करून नव्यानं बांधलं. नवरदेव मिरवायला अशी गाडी साऱ्या तालुक्यात नव्हती.

पहिलंच लग्न इनामगावचं. सारिका पहाटे उठली आणि मळ्यातल्या झेंडूनं तिनं गाडी अशी मढवली, की पत्रा बोटभर दिसेना. दोरा संपला तसं घरात जे सापडेल त्यात फुलं ओवली. गावातल्या, खुटबावच्या बायका बघायला जमल्या. आणि घोड नदीच्या अलीकडं इंजिन जाम झालं. फेटा सावरत नवरदेव कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून मांडवात गेला. लोकांनी व्हिडिओ काढले.

त्या संध्याकाळी भारत नुसता डोकं धरून बसला होता. बोलली ती सारिकाच. "भावजी, गाडी ह्यांच्या नावावर झाली, ते तुमाला बघवलं न्हाई. नट ढिला ठेवलात तुमी." त्या एका वाक्यानं घरात दोन चुली झाल्या.

"आई, माझी टोपी कवा विणणार?" समृद्धी पदराला झोंबली. थंडीनं तिचे कान लाल झाले होते.

"लोकर संपली म्हणलं ना! सारखं काय टोपी टोपी?"

लेकीला बाजूला सारून ती दारात आली. "खोलू द्या हो त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "केलेलं पाप त्यांच्याच हातानं भाईर येऊ द्या."

भारत बाजूला झाला. सुदर्शननं बॅग खाली ठेवली, मागचं झाकण उघडलं, पाना लावला.

"दादा, याला पाणी न्हाई, रेडिएटर न्हाई," तो खाली वाकूनच बोलला. "निव्वळ वाऱ्यावर गार ऱ्हातंय. मागच्या अंगाला ह्या दोन जाळ्या हायत ना, त्ये याचं नाक. कुणीतरी नाक दाबलंय त्याचं."

"व्हय तर! भूत आलं आसंल दाबायला," सारिका हसली.

सुदर्शननं इंजिनाच्या वारा ओढणाऱ्या पंख्यात हात घातला. आत काहीतरी गच्च गुंडाळलेलं होतं. ते त्यानं हिसडून बाहेर ओढलं. काळा, तेलकट बोळा.

भारतनं त्याची कॉलरच धरली. "आता बोल! आपल्याच हातानं चिंधी कोंबलीस आन् वर मलाच शिकवतोस?"

सुदर्शन बोळ्याकडं बघत राहिला. त्याला वाळक्या पाकळ्यांचा चुरा चिकटला होता. त्यानं अंगठ्यानं तो चोळून पाहिला. मग मान वर करून एकदा सारिकाकडं पाहिलं. रागानं नाही. त्या नजरेत काय होतं ते तिला कळेना, आणि कळत नाही म्हणून तिचा राग आणखीच चढला.

"बोला की भावजी! दातखीळ बसली का आता?"

त्यानं कॉलर हळूच सोडवून घेतली.

"व्हय दादा," तो म्हणाला. "माझाच बोळा आसंल. ऱ्हाऊन गेला."

बोळा पायरीवर ठेवून त्यानं बॅग उचलली आणि तो वाटेला लागला. मागं वळून बघितलं नाही. भारत गाडीला टेकून उभा राहिला, जिंकूनही हरल्यासारखा. सारिकाला मात्र छातीवरचा दगड उतरल्यागत वाटलं. शेवटी त्यानं कबूल केलं होतं. ती चहा गाळायला आत वळली.

पायरीवर बसून समृद्धी बोळा उकलत होती. वरचे काळे पदर सुटले. आतून गुलाबी टोक निघालं, ओढावं तसं लांब लांब होत गेलं. ते बघून भारत टेकलेला होता तो सरळ झाला.

"आई," समृद्धीनं हाक मारली, "माझ्या टोपीची लोकर इंजिनात कशी गं गेली?"